दिवे लागल्यावर

तरुणपणी पाहिलेल्या कितीतरी सिनेमांचा शेवट मला ठाऊक नाही.

शाहूपुरीत वाढलेल्या माणसाला सिनेमासाठी लांब जावं लागत नसे. आमच्या गुळाच्या आडतीपासून चालत जाण्याच्या अंतरावर चार-पाच टॉकीज होत्या. दुपारचा सौदा आटोपला, तोलाईदार जेवायला गेले, आबांचा डोळा लागला की मी सटकायचो. पण आत जायचं ते दिवे मालवल्यावर, आणि बाहेर पडायचं ते शेवटाच्या पाच-सात मिनिटं आधी. नायक खलनायकाच्या अड्ड्यावर पोहोचला की मी खुर्चीतून उठलेला असे. अंधारात कुणी ओळखत नाही, आणि उजेड पडला की सगळी पेठ ओळखीची. माझ्यासारखे आणखी काहीजण त्याच वेळी उठायचे. एकमेकांकडं न बघता आम्ही पडदा सारून बाहेर पडायचो. त्यांतल्या एकाचंही नाव मला आजपर्यंत माहीत नाही.

आम्ही कुणाचं काही चोरत नव्हतो. मला पुरुष आवडतात, एवढंच कारण होतं. ते कुणाला सांगितलेलं नव्हतं, आणि न सांगताही चेहऱ्यावरून वाचता येईल अशी धास्ती मनात होती. पडद्यावर बायकी चालीचं एखादं पात्र हात हलवत आलं की सगळं थिएटर हसायचं. मीही हसायचो, शेजाऱ्याला ऐकू जाईल इतकं. ते हसणं अजून घशात अडकलेलं वाटतं.

म्हणून, मुंबईत दर वर्षी समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांच्या आयुष्यावरच्या सिनेमांचा महोत्सव भरतो, त्याचं नाव 'कशिश', हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला सिनेमांविषयी प्रश्न पडला नाही. मनात आलं ते एवढंच की, तिथं सिनेमा संपल्यावर दिवे लावत असतील का?

कशिश सुरू झाला एप्रिल २०१० मध्ये. सुरू करणारे श्रीधर रंगायन स्वतः दिग्दर्शक. त्यांच्या 'गुलाबी आईना'ला सेन्सॉरने प्रमाणपत्रच दिलं नव्हतं. अशा माणसाने पुढं केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण खात्याची रीतसर परवानगी काढून, नेहमीच्या मल्टिप्लेक्समध्ये तिकीटबारीशेजारी फलक लावून हा महोत्सव भरवला. मला यातला सगळ्यात मोठा भाग परवानगी आणि फलक हाच वाटतो. मुंबईत आमच्यासारख्यांच्या बैठका आधीही होत. अशोक राव कवींनी 'बॉम्बे दोस्त' काढलं १९९० मध्ये, हमसफर ट्रस्ट उभा राहिला १९९४ मध्ये. पण बैठकीला जाणाऱ्याला जिन्याखाली थांबून आजूबाजूला बघावं लागतं. इथं लोक पॉपकॉर्न घेऊन रांगेत उभे होते. आदल्याच वर्षी, २ जुलै २००९ ला, दिल्ली उच्च न्यायालयाने कलम ३७७ चा विळखा सैल केला होता, त्याचं बळ या धीटपणामागं होतं. आणि ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवल्यावर, आम्ही पुन्हा कायद्याने गुन्हेगार ठरल्यावर, पुढच्या वर्षीही महोत्सव भरला. कोल्हापुरात बसून पेपरात ती बातमी वाचताना मला लाज वाटली. ते लोक गुन्हेगार ठरूनही रांगेत उभे राहिले, आणि मी निर्दोष होतो त्या चार वर्षांतही घरातून हललो नव्हतो.

२०१५ च्या मे महिन्यात गेलो. घरी सांगितलं, मुंबईत एका व्यापाऱ्याचं येणं अडकलंय. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसलो. स्टेशन आमच्या पेठेतच, त्यामुळं फलाटावरही दोघे-तिघे ओळखीचे भेटले आणि 'काय शेट, मुंबईला?' म्हणून हटकून गेले. मिरज मागं पडेपर्यंत मी उतरून परत जायचा विचार करत होतो.

महोत्सव तेव्हा मरीन लाइन्सच्या लिबर्टी सिनेमात भरायचा. १९४९ साली उघडलेलं, लाकडी नक्षीच्या भिंतींचं, एकच पडदा असलेलं थिएटर. स्वातंत्र्याच्या आनंदात ठेवलेलं नाव. याच थिएटरात 'हम आपके हैं कौन' शंभराहून अधिक आठवडे चालला होता. अख्ख्या देशातली कुटुंबं लग्नाची गाणी बघायला जिथं आली, त्याच खुर्च्यांत आता, कुटुंबांनी बाजूला ठेवलेली माणसं बसली होती. आणि काहींच्या शेजारी त्यांचं कुटुंबही होतं. एक बाई नऊवारीत होत्या. त्यांच्या मुलानं त्यांना हात धरून पायऱ्या चढवल्या, शेजारी मुलाचा जोडीदार त्यांची पिशवी घेऊन चालत होता. मी बराच वेळ त्या पिशवीकडंच बघत राहिलो.

सिनेमे बरेच पाहिले, सगळे चांगले होते असं म्हणणार नाही. महोत्सवात येणाऱ्या लघुपटांत रडं फार असतं, आणि दुःख खरं असलं म्हणून सिनेमा आपोआप चांगला होत नाही. एवढं कोल्हापूरच्या कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटीच्या खेळांनी मला शिकवलं होतं. तरी पहिल्या खेळाचं मी काहीच पाहिलं नाही म्हटलं तरी चालेल. शेवट जवळ आला तसे माझे पाय आपोआप हलायला लागले. तीस वर्षांची सवय. मी उठलोही असतो, पण रांगेत मधोमध बसलो होतो आणि दोन्ही बाजूंचे लोक जागचे हलत नव्हते. पडद्यावर नावं आली, संपली. दिवे लागले. सातशे-आठशे माणसं एकमेकांकडं बघत होती, हसत होती, काहीजण डोळे पुसत होते आणि ते लपवत नव्हते. शेजारच्या मुलानं मला सहज विचारलं, "कसा वाटला?" मी म्हणालो, "चांगला आहे." घसा दाटून आला म्हणून पुढं बोललो नाही. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा थिएटरात, दिवे लागल्यावरही, खुर्चीत बसून होतो.

मध्यंतरात मागच्या रांगेतून कुणीतरी फोनवर बोलत होतं, "आरं, हितं एसी लई हाय, तू स्वेटर घिऊन ये." मान वळवल्याशिवाय राहवलं नाही. "कुठलं तुम्ही?" मी विचारलं. तो क्षणभर दचकला. मग म्हणाला, "शिरोलीत असतोय. फाउंड्रीत." साच्यात वाळू ठोकणारे ते हात, अंगठ्याच्या कडेला भाजल्याचे डाग. वय पस्तिशीचं. बायको-मूल गावी. मित्राचं लग्न म्हणून सांगून आला होता. मी शाहूपुरीचा म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला, आणि माझाही उतरला असणार. हजार मैलांवरच्या परदेशी माणसाजवळ बसून निर्धास्तपणे रडता येतं. गावचा माणूस भेटला की आधी भीती वाटते.

तरी परतीला एकाच डब्यात आलो. रात्रभर बोललो. गुळाचा दर, फाउंड्रीतला उन्हाळा, आई-बापांची दुखणी, आणि मधेच, आवाज खाली आणून, बाकीचं. सकाळी कोल्हापूर आलं. आमच्या स्टेशनचं एक तोंड शाहूपुरीकडं आहे, दुसरं राजारामपुरीकडं. गाडी थांबायच्या आधीच तो म्हणाला, "तुमी म्होरनं जावा. मी पुलावरनं पलीकडं उतरतो." मी मान हलवली. त्याची मोटारसायकल आमच्या बाजूला लावलेली होती, हे तो रात्री बोलण्याच्या ओघात सांगून गेला होता. मी बाहेर पडून रिक्षात बसेपर्यंत तो पुलावर थांबला असणार.

त्या पुलाचा विचार मी पुढं कित्येक महिने करत होतो. लिबर्टीत चार तास मागं-पुढं बसलेली दोन माणसं आपल्याच गावात शंभर पावलं बरोबर चालू शकत नाहीत. मग महोत्सवानं बदललं काय?

कोल्हापूर हे काही सिनेमाला बुजणारं गाव नव्हे. बाबूराव पेंटरांनी घरच्या घरी कॅमेरा बनवला तो इथं. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० मध्ये आला, 'सावकारी पाश' १९२५ मध्ये. 'प्रभात' पुण्याची म्हणून मिरवली जात असली तरी तिचा जन्म १ जून १९२९ चा आणि कोल्हापूरचा. त्याआधी दादासाहेब फाळक्यांना तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना म्हणून साळुंके नावाच्या स्वयंपाक्याला लुगडं नेसवावं लागलं होतं. याच साळुंक्यांनी १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. कोल्हापूरच्या पेंटरांनी मात्र 'सैरंध्री'त बायकांच्या भूमिका बायकांनाच दिल्या. अशा गावाला पडद्यावर नवं काही बघण्याची भीती वाटायचं कारण नाही.

आणि पुरुषातलं बाईपण तर आमच्या मातीला अजिबात परकं नाही. ज्या केशवराव भोसल्यांच्या नावाने आमचं नाट्यगृह ओळखलं जातं, त्यांनी लहानपणी 'शारदा' रंगवली. ८ जुलै १९२१ च्या संयुक्त 'मानापमान'मध्ये ते धैर्यधर झाले तेव्हा समोर भामिनी होते बालगंधर्व. रंगभूमीवर लुगडं नेसणारा माणूस आमच्यासारखाच असतो असं मुळीच नाही, ही गल्लत मला करायची नाही. पण ज्या लोकांनी त्या लुगड्याला डोक्यावर घेतलं, त्यांना पुरुषाच्या अंगात कोमल काही असू शकतं हे माहीत होतं, एवढं नक्की.

लहानपणी मंगळवारी-शुक्रवारी पेठेत जोगते यायचे. डोक्यावर यल्लम्माचा जग, हातात चौंडकं, कपाळभर भंडारा, हिरवं लुगडं. आई उंबऱ्यात येऊन सुपातून धान्य वाढायची, हळद-कुंकू वाहायची, पदर पसरून पाया पडायची. ती माणसं जन्माने पुरुष आहेत हे तिला ठाऊक होतं. संध्याकाळी त्याच आईने, धाकट्या काकांनी मला चालीवरून 'बायल्या' म्हटलं तेव्हा, खाली मान घालून भाकरी थापत राहणं पसंत केलं. मी तिला दोष देत नाही. जोगत्याला देवीचा आधार होता, मला कुणाचा आहे हे तिला कळत नव्हतं. आमच्याच जिल्ह्यातल्या राजन गवसांनी 'चौंडकं' आणि 'भंडारभोग'मध्ये त्या देवीच्या आधाराचं दुसरं अंग दाखवलं, म्हणजे माणसाला सोडून दिल्यासारखं देवाला वाहणं. त्यावरून राजीव पाटलांनी 'जोगवा' केला, २००९ मध्ये. उपेंद्र लिमयेंना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दुसऱ्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी 'नटरंग' आला. कागलच्या आनंद यादवांची कादंबरी, तालमीत कमावलेलं शरीर मोडून नाच्या होणारा गुणा, आणि त्यासाठी त्याला घराबाहेर काढणारं गाव. दोन्ही सिनेमांना कोल्हापूरकर धाय मोकलून रडले. मी तेव्हा तिथंच होतो, अर्थात शेवटाच्या आधी उठून गेलो होतो. नंतर चहाच्या गाड्यावर तेच प्रेक्षक गुणाचं कौतुक करत होते आणि समोरून जाणाऱ्या एका पोराला, त्याच्या चालीवरून, शीळ घालत होते.

पडद्यावरच्या माणसासाठी रडायला या गावाने कधी हयगय केली नाही. अवघड जातं ते दिवे लागल्यावर शेजारी बसलेल्याला सामावून घेणं. मला वाटतं महोत्सवाचं खरं काम तिथं आहे. सिनेमा आता प्रत्येकाच्या मोबाइलवर आहे. शिरोलीतला माझा मित्रही रात्रपाळीनंतर, पांघरुणात, कानात वायर घालून बघतो. त्यानं माहिती मिळते, थोडा धीरही मिळतो, पण पांघरूण तसंच राहतं. थिएटरात, तिकीट काढून, चेहरा दाखवून बसल्यावर माणूस आणखी कुणाला तरी दिसतो.

शाहू महाराजांची ती गोष्ट आमच्याकडं शाळेतली पोरंही सांगतात. अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळेंना त्यांनी चहाचं हॉटेल काढायला लावलं आणि आपली गाडी दारात थांबवून तिथं चहा प्यायले, सोबतच्या मंडळींनाही पाजला. महाराज वाड्यावर बोलावून गंगारामांच्या हातचा चहा घेऊ शकत होते, आणि भरपूर हुकूमही काढत होते. पण त्यांनी भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत चहा प्यायचं ठरवलं. जातीचं दुःख आणि आमचं दुःख एका तराजूत घालण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. ज्यांना दोन्ही सोसावी लागतात त्यांना तो फरक चांगला कळतो. मला त्यातली रीत घ्यावीशी वाटते. चारचौघांत शेजारी बसल्याशिवाय विटाळ जात नाही, हे ज्या राजाला कळलं होतं, त्यानेच १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी आमची शाहूपुरी वसवली.

६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाचा कलम ३७७ वरचा निकाल आला तेव्हा दुकानातल्या टीव्हीवर बातमी चालू होती. गिऱ्हाईक काहीबाही बोललं. दादानं आवाज बंद केला. रात्री जेवताना आईनं, ताटात आमटी वाढता वाढता, माझ्याकडं न बघता विचारलं, "म्हंजे आता पोलीस न्हाईत नव्हं धरणार?" मी म्हणालो, "नाही धरणार." "मग बरं झालं," म्हणाली, आणि वहिनीला मीठ आणायला सांगितलं. इतकी वर्षं ती पोलिसांना भीत होती. आमच्यात या विषयावर तेवढंच बोलणं झालं. पुढच्या मे-जूनला मुंबईला निघताना मात्र मी येणं अडकल्याची थाप मारली नाही. तिनं डब्यात दशम्या जरा जास्त दिल्या.

कशिशला जात राहिलो. एका वर्षी तिथं 'उ उषाचा' पाहिला, कशिशनेच दिलेल्या अनुदानातून रोहन परशुराम कानवडेंनी केलेला लघुपट. शेतमजूर बाई, तिच्या मनात शाळेतल्या बाईंविषयी उमललेलं काही, आणि त्या ओढीने तिने अक्षरं गिरवणं. त्या पडद्यावर, इतक्या परक्या भाषांनंतर, शेताच्या बांधावरची मराठी ऐकली तेव्हा मागच्या रांगेतला माझा मित्र पुढं वाकून म्हणाला, "ही आपली हाय." दोन वर्षं करोनामुळं महोत्सव ऑनलाइन झाला. मी तो दुकानात शटर अर्धं ओढून पाहिला, पुन्हा एकटाच. लग्नाच्या हक्काचा निकाल १७ ऑक्टोबर २०२३ ला विरुद्ध गेला. त्या रात्री मित्राचा फोन आला आणि आम्ही दुसऱ्याच विषयांवर बोलत राहिलो.

मग कानवडेंचा 'साबर बोंडं' आला. जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपटांच्या विभागातला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. बाप गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला आनंद, आणि त्याचा बालमित्र बाळ्या. सप्टेंबरमध्ये तो आपल्याकडं लागला तेव्हा मी आणि मित्र एसटीने पुण्याला गेलो. महोत्सव नव्हता, साधा शुक्रवारचा खेळ. आमच्या पुढं एक म्हातारं जोडपं होतं. दिवे लागल्यावर आजोबांनी आजींना विचारलं, "सुतकात अनवाणी राहायची पद्धत आपल्याकडं होती का गं?" आणि ते दोघं त्यावर बोलत जिना उतरले. त्यांच्या लेखी ती सुतकाची गोष्ट होती, दोन मुलांवरच्या मायेची होती, आणि त्यात वेगळं काढून ठेवण्यासारखं त्यांना काही दिसलं नसावं. मला हे फार हवं होतं, हे तोपर्यंत मला ठाऊक नव्हतं.

गुळाचा सौदा मार्केट यार्डात गेल्यापासून आमची वखार बरीच रिकामी असते. या दिवाळीनंतर, दादाला सांगून, तिथं एक खेळ केला. एका तरुण दिग्दर्शकाकडून दोन लघुपट रीतसर मागून घेतले, भिंतीला पांढरं कापड ताणलं, प्रोजेक्टर भाड्याने आणला. पावसाळ्यात पाझरलेल्या गुळाचा वास जमिनीतून अजून येतो, तो काही गेला नाही. आमच्याकडं चाळीस वर्षं ओझी वाहिलेले हमालमामा झाडलोट करायला आले होते. "कंचा शिनेमा हाय?" त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्यांनी केरसुणी कोपऱ्यात ठेवली आणि मागच्या पोत्यावर बसले.

अकराजण आले. त्यातल्या चौघांनी आधीच निरोप दिला होता, दिवे लावायच्या आधी सांगा, आम्ही जाऊ. मित्र म्हणाला, "सांगू नका. बसू दे की." मी ऐकलं नाही. तीस वर्षं मी ज्या घाईत उठलो, ती घाई कुणावर रागवून जात नाही. दुसरा लघुपट संपला, पडदा काळा झाला. मी अंधारात उभा राहून म्हणालो, "दिवे लावतोय." खुर्च्या सरकल्या, चपला शोधल्याचा आवाज झाला, दार उघडलं नि मिटलं. बाहेर दोन गाड्या सुरू झाल्या, तिसरी दोन किका मारल्यावर. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत थांबलो आणि बटण दाबलं. सातजण बसलेले होते. मित्र पहिल्या रांगेत. आणि मागं पोत्यावर हमालमामा, डोळे किलकिले करत.

"आवाज मागं नीट येत न्हाई," ते म्हणाले. "फुडल्या खेपंला ती पेटी वर ठिवा."

पेटी वर ठेवायला एक फळी हवी होती. मित्रानं उठून भिंतीची उंची हाताने मापली.